सोमवारचा ताप आणि घरचा खोकला

(गिरणी कामगारांच्या स्मरणार्थ कॉटन ग्रीन येथे दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



रे रोड सुटले की कॉटन ग्रीन, आणि कॉटन ग्रीन सुटले की शिवडी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती याच हार्बर लाइनवरून. रुळांच्या एका अंगाला पोर्ट ट्रस्टने समुद्रात भराव घालून उभारलेली कापसाची गोदामे, दुसऱ्या अंगाला काळाचौकी, घोडपदेव, आंबेवाडी, अभ्युदय नगर. आणि पुढच्याच स्टेशनावर क्षयरोग रुग्णालय. कापूस, कामगार आणि खोकला या तिघांची गाठ या शहरात दोन स्टेशनांच्या अंतरात पडली. गिरणगावात ‘शिवडीला नेलंय’ एवढे कानावर आले की ऐकणारा पुढचे काही विचारत नसे.

कॉटन ग्रीन हे नावही मुळात इथले नाही. कापसाचा बाजार आधी कोटातल्या हिरवळीवर भरे. १८४४ च्या सुमारास तो कुलाब्याला गेला आणि तिथल्या मोकळ्या जागेला हे नाव पडले. १९२० च्या दशकात बाजार शिवडीच्या भरावावर आला आणि नावही गठ्ठ्यांबरोबर इकडे आले. आज इथे कापूस फारसा उतरत नाही आणि हिरवळ तर शोधावीच लागते.

कापसाचा गठ्ठा सोडला की त्यातून तंतू उडतात, बोंडाच्या पाकळीचा आणि पानाचा चुरा उडतो. गिरणीत ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात हा चुरा सर्वांत दाट. तिथल्या कामगारांना रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळल्यासारखी वाटे, कोरडा खोकला येई, काहींना कणकण येई. मंगळवारी जरा उतार, शनिवारपर्यंत माणूस बरा, आणि पुन्हा सोमवार. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांत याला ‘मंडे फीव्हर’ म्हणत. वैद्यकाने नाव दिले बायसिनोसिस. काही वर्षांनी सोमवारचा त्रास मंगळवार गाठतो, मग बुधवार, आणि शेवटी आठवड्याचा एकही दिवस मोकळा राहत नाही. तेव्हा फुप्फुस विडी ओढणाऱ्याच्या जुन्या दम्यासारखे दिसते आणि दोष विडीच्या माथी जातो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांची वर्षानुवर्षे तपासणी करून हा आजार या शहरात आहे, हे कागदावर आणले. त्याआधी आपल्याकडे तो फारसा नाही, अशी सोयीची समजूत होती.

इथवरची हकिकत या सभेतल्या पुष्कळांना ठाऊक असेल. कमी ठाऊक आहे ते हे, की छाती आवळते ती निव्वळ कापसाच्या तंतूने नाही. कापसाच्या बोंडावर, विशेषतः वाळलेल्या पाकळीवर, जिवाणू वाढतात. ते मेले तरी त्यांच्या बाहेरच्या आवरणातले एक द्रव्य मागे उरते. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. १९८७ साली अमेरिकेत कॅस्टेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना मोजूनमापून कापसाची धूळ हुंगायला दिली. श्वासाची ताकद किती घटते याचे नाते धुळीच्या वजनाशी जुळेना. ते जुळले धुळीतल्या एंडोटॉक्सिनशी. म्हणजे ज्याला गिरणगाव ‘कापूस छातीत गेला’ म्हणत आले, त्या दुखण्यात मोठा वाटा कापसावरच्या सूक्ष्मजीवांचा होता.

गिरणीत दुसरीही एक सोय होती. सूत कोरड्या हवेत तुटते, म्हणून साचे खात्यात मुद्दाम हवा दमट ठेवत, फवाऱ्यांनी पाण्याची वाफ आणि तुषार सोडत. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवले की त्यात जिवाणू, बुरशी आणि अमिबा यांची वस्ती होते आणि यंत्र ती वस्ती श्वासाच्या उंचीवर उडवते. १९५९ साली स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझी यांनी हवा दमट करणाऱ्या यंत्रापाशी काम करणाऱ्या सुतारकामगारांत असाच ताप नोंदवला. पुढे त्याला ‘ह्युमिडिफायर फीव्हर’ हे नाव रुळले. तोही बहुधा सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी येई.

कायद्याने या दुखण्यांना जागा दिली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बायसिनोसिस होता, उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा बॅगासोसिस होता, आणि सेंद्रिय धुळीने फुप्फुसाला येणारी ॲलर्जीची सूजही होती. भरपाई प्रत्यक्षात हातात पडणे ही निराळी कथा. सिद्ध करता करता कामगार थकून गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि नंतरच्या वर्षांत गिरण्याच गेल्या. तरी दुखणे छापील यादीत राहिले. त्याच जातीचे दुखणे घरात झाले तर मात्र ते कुठल्या यादीत नसते, आणि बहुतेक वेळा कुणी त्याची चौकशीही करत नाही. आजचे व्याख्यान त्या घरच्या दुखण्याविषयी आहे.

पाण्यापासून सुरुवात करू. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी येते. भांडुप आणि पांजरापूर इथे ते शुद्ध होते, क्लोरिन मिसळले जाते, गोलंजी टेकडीसारख्या जलाशयांत चढते आणि ठरल्या वेळी नळाला येते. ‘ठरल्या वेळी’ हे शब्द महत्त्वाचे. पाणी दिवसाचे काही तासच येत असल्याने प्रत्येक घरात साठवण आहे: मोरीतले पिंप, माळ्यावरची टाकी, सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी. साठलेल्या पाण्यातला क्लोरिन तासागणिक उडून जातो. टाकीच्या भिंतीला आणि नळाच्या आतल्या अंगाला एक बुळबुळीत थर धरतो. पिंप घासणाऱ्या बाईच्या बोटांना तो ओळखीचा आहे; शास्त्रज्ञांना त्याचे महत्त्व कळायला बराच वेळ लागला.

या थरात राहणाऱ्यांपैकी एक कूळ क्षयाच्या जंतूचे भाऊबंद आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. त्याच्या घराण्याचे नाव मायकोबॅक्टेरियम. क्षय आणि कुष्ठरोग यांचे जंतू सोडले तर या घराण्यातले बाकीचे दीडशेहून अधिक सदस्य माती-पाण्यात राहतात. त्यांना एकत्रितपणे एनटीएम म्हणतात, म्हणजे क्षयेतर मायकोबॅक्टेरिया. बहुतेक निरुपद्रवी. पण एव्हियम, ॲबसेसस, कॅन्ससाय अशी काही नावे छातीच्या डॉक्टरांच्या ओळखीची आहेत.

हे जंतू नळात टिकतात ते त्यांच्या कातडीमुळे. त्यांच्याभोवती मेणचट आवरण असते. त्यामुळे क्लोरिन त्यांना लवकर मारू शकत नाही. पोट बिघडवणारे जंतू ज्या मात्रेत मरतात तिला हे दाद देत नाहीत. उलट क्लोरिनने शेजारी मेले की सगळी जागा यांना मोकळी. शिवाय मेणामुळे ते पाण्याच्या पृष्ठभागाकडे येतात, बुडबुड्याला चिकटतात, आणि बुडबुडा फुटला की बारीक तुषारांबरोबर हवेत जातात. पाच मायक्रॉनहून लहान तुषार थेट फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. पाणी प्यायलो तर जे पोटात जाऊन निमूट संपते, तेच पाणी श्वासातून आत गेले तर निराळे वागते. ‘आम्ही पाणी उकळून पितो’ हे घराघरातले उत्तर म्हणूनच इथे अपुरे पडते.

२००९ साली नॉर्मन पेस यांच्या प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या नऊ शहरांतली ४५ शॉवरची तोंडे उघडून पाहिली. आतल्या थरात मायकोबॅक्टेरियाचे प्रमाण नळाच्या पाण्यातल्यापेक्षा कितीतरी पट, काही ठिकाणी शंभर पटींहून जास्त निघाले. व्हर्जिनियातले जोसेफ फॉल्किनहॅम यांनी तर काही रुग्णांच्या फुप्फुसातला जंतू आणि त्यांच्याच घरच्या पाण्यातला जंतू एकाच वाणाचे असल्याचे दाखवले. कोमट पाण्याच्या बुडबुड्यांच्या हौदात बसणाऱ्यांना होणाऱ्या दुखण्याला तिकडे ‘हॉट टब लंग’ असे नावच आहे. काळाचौकीच्या चाळीत हॉट टब नाही. पण गीझर आहे, शॉवर आहे, वाफारा घ्यायचे यंत्र आहे, आणि दम्याच्या पोराचा नेब्युलायझर नळाखाली विसळून तसाच ओला ठेवायची सवय आहे.

याच शहरात या जंतूंचा सर्वांत मोठा घोळ होतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. बेडका काचेवर घेऊन रंग चढवला, आम्लाने धुतला, तरी लाल राहिलेल्या काड्या दिसल्या की अहवाल येतो: पॉझिटिव्ह. क्षयाचा जंतू असाच दिसतो आणि पाण्यातला त्याचा चुलतभाऊही असाच दिसतो. मग क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू. एनटीएमला त्यातली काही औषधे मुळातच लागू पडत नाहीत. दोन महिन्यांनी बेडक्यात काड्या तशाच. आता मुंबईतल्या डॉक्टरच्या मनात काय येईल? माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले आणि २०१२ च्या जानेवारीत जगभर मुंबईचे नाव झाले. तेव्हापासून इथे औषध लागले नाही की पहिला संशय जंतू माजल्याचा, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण काही रुग्णांत जंतू माजलेला नसतो. जंतूच वेगळा असतो. त्या माणसाला आणखी जड, आणखी दुष्परिणामांची औषधे दिली जातात, तीही न झालेल्या रोगासाठी.

उपाय उपलब्ध आहे, आणि त्याच्या उभारणीत मुंबईचाही हात आहे. दोन तासांत क्षयाच्या जंतूचा डीएनए ओळखणाऱ्या जीनएक्स्पर्ट यंत्राची जी मोठी चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात १,७३० संशयित रुग्ण होते, आणि लिमा, बाकू, केप टाउन, डर्बन यांच्या जोडीला पाचवे शहर मुंबई होते. काचेवर काड्या दिसतात आणि यंत्र ‘क्षय नाही’ म्हणते, असे घडले की तिथे थांबून बेडक्याचे कल्चर करायला हवे. त्याला काही आठवडे लागतात. तेवढा धीर रुग्णाला नसतो, नातेवाइकांना नसतो, डॉक्टरलाही नसतो.

उलट्या बाजूची चूकही सांगायला हवी. बेडक्यात एकदा एनटीएम सापडला म्हणजे आजार झाला असे नव्हे. तपासणीआधी नळाच्या पाण्याने चूळ भरली असेल तर तो तिथूनही येऊ शकतो. म्हणून निदानाचा नियम असा की दोन वेगवेगळ्या बेडक्यांच्या कल्चरमध्ये तोच जंतू हवा, लक्षणे हवीत, आणि सीटी स्कॅनमध्ये खुणा हव्यात. क्षय, जुना दमा, विडीचा किंवा चुलीचा धूर यांनी आधीच झिजलेली फुप्फुसे याला बळी पडतात. तसेच शिडशिडीत अंगाच्या, कधीही विडीला हात न लावलेल्या साठीच्या बायकाही. १९९२ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी या बायकांच्या आजाराला ऑस्कर वाइल्डच्या नाटकातल्या लेडी विंडरमियरचे नाव दिले. सभ्य बायका खोकला दाबतात म्हणून कफ साठतो, अशी त्यांची कल्पना. नाटकातली ती बाई तरुण आहे आणि खोकत तर मुळीच नाही. नाव मात्र पुस्तकांत चिकटून बसले.

एक दिलाशाची गोष्ट. या जंतूची लागण सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. क्षयाच्या संशयावरून घरात कपबशी वेगळी झाली, सुनेला माहेरी धाडले, असे प्रकार गिरणगावाने पुष्कळ पाहिले. क्षयातही ते क्रूरच होते. एनटीएमच्या रुग्णाच्या बाबतीत तर त्याला काडीचाही आधार नाही. पण उपचार लांब. एव्हियमच्या आजारात तीन औषधे, आणि बेडका निर्जंतुक झाल्यापासून पुढे वर्षभर. ७ मे २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे आणि त्या नोंदीवर औषध, पोषणाचे पैसे मिळतात. एनटीएमची अशी नोंद नाही. मोजणी नाही म्हणून आजार नाही, हे बायसिनोसिसच्या वेळचेच गणित.

पाण्यातल्या या भाऊबंदांनी आपल्या देशात याआधीही शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले आहे. तमिळनाडूत चिंगलपटला १९६८ पासून बीसीजी लशीची अवाढव्य चाचणी झाली आणि फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण जवळजवळ शून्य निघाले. कारण म्हणून जी मते पुढे आली त्यातले एक प्रमुख मत असे, की तिथल्या माती-पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियाशी लहानपणापासूनच ओळख झाल्याने लशीला नवे शिकवण्यासारखे फारसे उरत नाही.

आता हवेकडे. मुंबईत उन्हाळा घामाचा, म्हणून इथे कूलर कमी. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मार्चच्या अखेरीस माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. गेल्या वर्षीच्याच ताट्या, तळाला वाळलेला गाळ, त्यावर नवे पाणी, आणि पंखा थेट पलंगाच्या दिशेने. पहिल्या रात्री कुबट वास येतो, दुसऱ्या दिवशी नाक त्याला सरावते. ओल्या ताटीवर बुरशी आणि उष्णता आवडणारे जिवाणू वाढतात. त्यांचे कण रोज आठ-दहा तास श्वासात जातात. इथे जंतू फुप्फुसात वाढत नाही. शरीरच त्याच्या कणांवर चवताळते आणि फुप्फुसाला सूज येते. त्याचे नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, परिशिष्टातल्या त्या ॲलर्जीच्या सुजेचेच हे दुसरे नाव. वर्षानुवर्षे सूज राहिली तर फुप्फुसात व्रण धरतात आणि मग माणसाला जिना चढवत नाही.

हे दुखणे विरळ असेल असे आधी वाटत होते. २०१२ ते २०१५ या काळात देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसाच्या अशा व्रणकारी आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली. त्यांत जवळजवळ निम्मे, ४७.३ टक्के, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निघाले. आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास, ४८.१ टक्के रुग्णांच्या घरी कूलर होता. उन्हाळ्यात कूलर असलेली घरे देशात अगणित, तेव्हा कूलर होता म्हणजे त्यानेच केले असे ठामपणे म्हणता येत नाही. पण ही संख्या दुर्लक्ष करण्याजोगी खचितच नाही.

डेंग्यूच्या मोहिमेत आपल्याकडे आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात: पिंप, टाकी, कूलर रिकामे करा, घासा, उन्हात वाळवा. तो डासांच्या अळ्यांसाठी आहे. फुप्फुसालाही तोच उपयोगी पडतो, आणि त्याला वेगळा खर्च नाही.

दादरच्या कबुतरखान्याचा उल्लेख केला नाही तर सभा सोडणार नाही. २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे जाहीर केले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, ताडपत्री लागली, ती फाडलीही गेली. कबुतराच्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिने याच जातीची सूज आणतात, शिवाय विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. त्या भांडणात एक साधी गोष्ट हरवली: रुग्णाला जास्त त्रास चौकातल्या कबुतरांपेक्षा स्वतःच्या खिडकीच्या छज्ज्यावर आणि एसीच्या मागे घरटे केलेल्या जोडीचा होतो. ती हलवायला न्यायालयाची परवानगी लागत नाही.

बुरशीचा आणखी एक प्रकार शिवडीच्या दृष्टीने महत्त्वाचा. क्षय बरा होतो, पण फुप्फुसात पोकळी ठेवून जातो. त्या पोकळीत ॲस्परजिलस नावाची बुरशी, ओल आलेल्या भिंतीवर दिसते तिचीच नातलग, घर करते. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये क्षयानंतर पोकळी राहिलेल्या ५४४ जणांची तपासणी झाली; दर चारांत एकाच्या रक्तात या बुरशीच्या खुणा होत्या. अशा माणसाच्या थुंकीत काही वर्षांनी पुन्हा रक्त येते. घरचे म्हणतात, टीबी उलटला. डॉक्टर म्हणतात, टीबी उलटला. पावसाळ्यात ज्या भिंतीला टेकून तो झोपतो त्या भिंतीकडे कुणी पाहत नाही.

गिरणीतला कामगार आणि हा घरातला रुग्ण यांच्यात एक विलक्षण साम्य आहे. कामगाराला रविवारी बरे वाटे आणि सोमवारी त्रास होई, म्हणून डॉक्टरांना कळले की दोष गिरणीच्या हवेत आहे. ॲलर्जीच्या सुजेचा रुग्ण उलट्या दिनदर्शिकेवर चालतो. गणपतीला दहा दिवस कोकणात गेला की त्याचा खोकला कमी होतो. परत आल्यावर आठवड्याभरात पुन्हा सुरू. घरात त्याचे श्रेय गावच्या हवेला मिळते आणि विषय संपतो. खरे तर तो निदानाचा सर्वांत स्वस्त धागा असतो. एनटीएमच्या रुग्णाला असा चढउतार दिसत नाही, त्याचा खोकला गावीही सोबत जातो. पण दोहोंतला फरक ओळखायलाही आधी विचारावे तर लागेल ना. दवाखान्यात प्रश्न असतात ते किती दिवस खोकला, ताप येतो का, वजन उतरले का, घरात कुणाला टीबी होता का. हे सगळे हवेतच. टीबी हा या शहरातला पहिला संशय आहे आणि राहिलाच पाहिजे. या व्याख्यानाचे निमित्त करून कुणी चालू गोळ्या थांबवल्या तर तो अपराध होईल.

तेव्हा विनंती एवढीच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्याच. जाताना एक्स-रेच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: पाणी कशात साठवता, टाकी शेवटची कधी धुतली, कूलर किंवा वाफेचे यंत्र आहे का, कोणत्या भिंतीला ओल आहे, छज्ज्यावर कबुतरे बसतात का, आणि आयुष्यात गिरणीच्या किंवा गोदामाच्या कोणत्या खात्यात किती वर्षे काढली. तिच्या शेवटी एक ओळ वाढवा: खोकला कुठे गेल्यावर थांबतो. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ती चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवून या.